मामीजींची लिली, अकोल्याची खार

२२ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या आधीच अकोल्याहून फोटो. 'मोर्शी परिवार' ग्रुपवर. प्रकाशच्या अंगणातली वर्षाची पहिली डे-लिली. नारिंगी, मधोमध पिवळी रेघ, अगदी मामीजींच्या अंगणात असायची तशीच. खाली लिहिलंय, "मामीजींचा आशीर्वाद". वर हात जोडलेले.

मामीजींनी, म्हणजे मंगलच्या आईनं, मोर्शीच्या अंगणातला गड्डा विळ्यानं मधोमध कापून दोघी मुलींना अर्धा अर्धा दिला होता. एकाच दिवशी, माझ्या डोळ्यांदेखत. अर्धा आमच्याकडे अमरावतीला आला, अर्धा धाकट्या सुनंदासोबत अकोल्याला गेला. गड्डा एक, माती तीच काळी, ऊन तेच. त्याची फुलते आणि माझी नुसती पात.

प्रकाश, माझा साडू, साड्यांच्या दुकानात बसतो. गोड बोलणं हा त्याचा धंदाच आहे. वहीत यापुढे नुसतं प्र. लिहीन. पूर्ण नाव लिहायचं जिवावर येतं.

मंगलनं टाळ्या पाठवल्या. मी अंगठासुद्धा दिला नाही.

२३ फेब्रु.

मंगल : "अहो, तुमी काहून तोंड पाडून बसले कालपासून?"
मी : "ऊन फार आहे."
"फेब्रुवारीत?"

१ मार्च

मोर्शीहून मामाजींचा फोन. सासऱ्यांनी स्वतःहून मला फोन करणं म्हणजे काहीतरी घडलंच असणार. गजूनं, माझ्या मेव्हण्यानं, सगळ्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसवून घेतले. चिखल नको, गाडी लावता येते, वगैरे. मामाजी त्या दिवशी वरुडला लग्नात होते. परत येऊन पाहतात तर हापशाजवळची लिली गट्टूंच्या खाली.

"मास्तर, तुमच्या मामीची लिली गेली जी," म्हणाले. मग लगेच, "हापशापाशी चार गट्टू काढायले लावले म्या गजूले. तेवढीच जागा हाय. धोंड्याच्या महिन्यात तुमाले दोघाले बोलावतोच. ज्याची लिली त्या दिवशी फुलावर असन, तेच लावू. फूल पाहूनच लावीन मी. पानाचा काय भरोसा."

म्हणजे जागा एकच. मामीजींची. आणि जावई दोन.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मामाजी मला "मास्तर" म्हणतात आणि "तुम्ही" म्हणतात. प्र. ला पहिल्या दिवाळीपासून "प्रकाश बेटा" आणि "तू". थोरला जावई मी. मान मला आणि माया त्याला. मानाचं ताट घेऊन मी पाटावर बसतो आणि तो आत स्वयंपाकघरात मामाजींच्या मांडीला मांडी लावून गप्पा मारत पोहे खातो. हे मी कुणाला बोललो नाही. मंगललासुद्धा नाही. हे काय बोलायचं असतं!

लिली माझीच लागली पाहिजे. बस.

८ मार्च

कुंडी धुतली, माती उकरली. सरकीची ढेप भिजवून घातली. शेणखत. शिवाय डीएपी, मूठभर. पुन्हा थोडं, कारण प्र. पण घालत असणारच.

अकोल्याहून आज तीन फुलं एकदम. गजूची बायको लिहिते, "भाऊजी, तुमच्या हाताले गुण हाय." मी ग्रुप म्यूट केला. मंगलचा फोन वाजतोच, त्याचं काय करणार?

२९ मार्च

पानं काय सुटलीत! गर्द हिरवी, लांब, कुंडीच्या बाहेर वाकलेली. पुन्हा ढेप घातली.

५ एप्रिल

राहवलं नाही, ग्रुपवर पानांचा फोटो टाकला. "अमरावतीची तयारी." पाचच मिनिटांत प्र. : "वा दादा! कांद्याची पात मस्त आली. पिठलं टाका."

हसण्याची चित्रं सगळ्यांकडून. मामाजींकडूनसुद्धा, म्हणजे त्यांच्या फोनवरून गजूच्या पोरीनं टाकली असणार. असं धरून चालतो.

भिंतीपलीकडचे शकीलभाई, कूलर दुरुस्त करतात, तेही डोकावले. "मास्टरजी, पत्ते तो जबरदस्त है. एक बकरी पाल लेव." हसलो. ते गेल्यावर कुंडीला लाथ मारणार होतो, पण पायात चप्पल नव्हती.

१२ एप्रिल

फुलाच्या दांड्याचा पत्ता नाही. प्र. च्या पहिल्या बहराची फुलं संपली असं कळलं. बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहून ठेवतो, कारण इथे तरी खरं लिहावं.

१९ एप्रिल

मंगलनं मला न विचारता अकोल्याला फोन केला. माझ्या कुंडीची तक्रार परस्पर त्याच्याकडे! माझ्या समोरच स्पीकरवर :

"ताई, दादानं खत बंद कराले पायजे. खताचा मारा झाला का ते पानंच देते. कुंडी काढा, मुळं धुवा, जुनी माती फेकून द्या. नवी माती, थोडी वाळू, थोडी राख. अन् दुपारचं ऊन नका लागू देऊ."

मी म्हणालो, अकोल्याच्या दुकानदाराकडून शेती शिकायचे दिवस नाही आले अजून. मंगल म्हणाली, "बरं," आणि पोळ्या लाटायला गेली. तिच्या त्या "बरं"चा मला फार राग येतो.

२० एप्रिल

मंगल दुपारची झोपली तेव्हा मुळं धुतली. नवी माती, वाळू, राख. राख शकीलभाईंच्या चुलीतून मागून आणली. ती उठली, कुंडी पाहिली. आणि चहात साखर जास्त घातली.

३ मे, अकोला

सुनंदाच्या पुतणीचं लग्न. आदल्या दिवशीच आलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं.

सकाळी सगळे हॉलवर गेले, मी पोट बिघडल्याचं सांगून घरी थांबलो. खरं कारण प्र. चं अंगण. त्यानं हिरव्या जाळीखाली वाफा केलाय, कडेला विटा तिरक्या रोवलेल्या. पाण्याची नळी नीट गुंडाळून ठेवलेली. माझ्याकडे नळी कशीही पडलेली असते. वाफ्यात बाकी सगळी लिली थकलेली, फक्त एका झुडपात पानांच्या मधोमध नवा दांडा. बोटभर. टोकाला कळ्यांची मूठ, भाल्याच्या पात्यासारखी बंद. हिशोब केला. महिन्याच्या शेवटी फुलणार. नेमका धोंड्याला.

खाली वाकलो. पाहायलाच वाकलो होतो.

अंगठ्याचं नख आणि तर्जनी. कट्ट असा बारीक आवाज झाला, कोथिंबिरीची काडी मोडावी तसा. पानांच्या आड टाकून दिला. हात पाण्यानं धुतले, नळी पुन्हा गुंडाळून ठेवली. नीट, त्याच्यासारखी.

संध्याकाळी प्र. नं मला जबरदस्तीनं गुलाबजाम वाढले. "दादा, पोट बिघडलं होतं नं, मठ्ठा घ्या थोडा आधी." नंतर म्हणे, "एक झुडुप घेऊन जा नं आमच्यातलं. दोनी घरी असलं तं काय बिघडते?" मी म्हणालो, "आमच्याकडे आहे." गुलाबजाम चांगले होते, तेही सांगितलं नाही.

५ मे

ग्रुपवर प्र. चा फोटो. मोडलेला दांडा तळहातावर. "खारीनं घात केला मामाजी." सगळ्यांचे रडके चेहरे. मीही एक टाकला. पानांचा फोटो सोडला तर ग्रुपवरचं माझं ह्या वर्षातलं पहिलं चित्र.

जेवण गेलं नाही. उन्हामुळे असावं.

९ मे

आला! पानांच्या बेचक्यात हिरवा नाकाडा. आधी नवीन पानच वाटलं, चष्मा लावून पाहिलं. दांडाच. मंगलला हाक मारली तर पदराला हात पुसत आली आणि पहिलं वाक्य, "प्रकाशनं सांगतलं तसंच झालं, पाहा."

आजच्या दिवशी तरी ते नाव घ्यायची गरज नव्हती.

१७ मे

अधिक महिना लागला. मामाजींचा मंगलला फोन, ३१ तारखेला रविवारी दोघी बहिणी, दोघे जावई मोर्शीला. पुरणाचे धोंडे, अनारसे, सगळं. "मास्तरले सांग, लिली घेऊन या म्हणावं." प्र. ला वेगळं सांगितलं असेलच. आणि बेटा म्हटलंच असेल.

२१ मे

पारा वर चढलाय. गोणपाट ओलं करून कुंडीभोवती गुंडाळतो. दुपारी कुंडी घरात, कूलरसमोर. मंगल : "मी घामानं भिजून राहिली अन् तुमी त्या झाडाले हवा देऊन राहिले." तिला पंख्याखाली बसायला सांगितलं. पंखा गरम हवा फेकतो, हे खरं आहे.

कळ्या वेगवेगळ्या झाल्या. तीन मोठ्या, बाकी बारीक. प्र. कडून काही खबर नाही. मीही विचारत नाही. मंगलच्या फोनकडे लक्ष ठेवून असतो.

२९ मे

घोळ. एक कळी आजच उमलली. दोन दिवस आधी! सुंदर आहे, पण काय उपयोग? संध्याकाळपर्यंत मिटणार. ह्या फुलाला एकच दिवस मिळतो. त्याच्याशी दिवसभर बोललो नाही, रागानं.

दुसरी कळी फुगलीये. कुंडी न्हाणीघरात नेऊन ठेवली, गार फरशीवर, अंधारात. उद्या उमलू नये म्हणून. मंगलनं आंघोळ मागच्या नळावर केली आणि मला ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटली.

३० मे

नाही उमलली. टोकाला रंग आलाय फक्त. उद्या.

३१ मे, मोर्शी

पहाटेची एसटी. कुंडी मांडीवर, दांड्याला मंगलची ओढणी. कंडक्टर म्हणे, "काका, याचं हाफ तिकीट फाडू का?" रस्त्यात दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. नांदगावच्या फाट्याच्या पुढे गेलो आणि पाहतो तर पाकळ्या सुटायला लागलेल्या. मोर्शीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पूर्ण उमललं होतं. नारिंगी, मधे पिवळी रेघ. स्टँडवरच्या चहावाल्यानंही मान वळवली.

प्र. आधीच पोचलेला. त्याच्या कुंडीत नुसती पानं. कळी नाही, दांडा नाही. "आमची रुसली, दादा," म्हणाला आणि हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? मी हरलो असतो तर मला हसता आलं नसतं.

मामाजी काठी टेकत आले. वाकून फूल पाहिलं, रेघेवरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी. मग चार गट्टूंच्या त्या जागेत गजूनं खड्डा केला, मी कुंडी उपडी करून गड्डा धरला, मामाजींनी स्वतः माती लोटली. हापशाचं पाणी घातलं. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून :

"मनोहर, बेटा, तुया मामीले लय बरं वाटलं असन."

मनोहर. बेटा. तुया.

पाटावर बसलो, ओवाळणी झाली, धोंडे किती खाल्ले माहीत नाही. टॉवेल-टोपी, बत्तासे, अनारसे. प्र. नं स्वतःच्या ताटातला अनारसा माझ्या ताटात घातला. सगळं गोड लागत होतं. त्यानं दिलेलंसुद्धा.

३ जून

मामाजींचा फोन. "मनोहर, अजून एक कळी उमलली आज." मी शकीलभाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं.

७ जून

जास्त बोललो बहुतेक. आज जेवताना मंगलला म्हणालो, शेवटी ज्याच्या हाताला गुण असतो त्याचीच फुलते, नुसत्या विटा तिरक्या लावून काही होत नाही, प्र. ची कशी ऐन वेळी रुसली बघ. आठवडाभर हेच चाललं होतं म्हणा माझं. मंगलनं ताट बाजूला सारलं.

"रुसली नोती. त्याची बी आली होती. पहिला दांडा खारीनं खाल्ला, मंग दुसरा आला. हातभर झाला, कळ्या धरल्या. तो त्यानं सोताच्या हातानं खुडला. सुनंदानं पाहिलं. तिनं विचारलं, काहून खुडून राहिले, तं म्हणे, मास्तरदादाले मामाजी कधी नावानं बोलावत नाई. त्याले लागते ते. एकदा त्याची लागू दे."

मी म्हणालो, हे तुला कधी कळलं. ती म्हणाली, मोर्शीलाच. सांगणार नव्हती.

८ जून

काही खावंसं वाटत नाही.

दोन गोष्टी सलतात. एक, त्यानं ओळखलं होतं. मी मंगलपासून लपवलेलं त्यानं कधी, कुठे पाहिलं? मी पाटावर आणि तो आत पोहे खात असताना? दुसरी, दांडा आम्ही दोघांनीही खुडला. एकाच झुडपाचा, तसाच नखानं. त्याचं ऐकून लोकांचे डोळे भरतील. माझं कुणाला सांगता यायचं नाही.

जिंकलो ते एकदाच, आणि तेही त्यानं वाढलेलं. अनारशासारखं. ह्यातसुद्धा तोच पुढे. माझी लिली फुलली ती त्याच्या सांगण्यानं, लागली ती त्याच्या खुडण्यानं, आणि "बेटा" म्हटलं मला. इतकी जळजळ मला फेब्रुवारीतही झाली नव्हती.

१० जून

मामाजींचा फोन आला. मंगलनं आणून दिला. "आंघोळीला गेलेत म्हण," असं मी खुणेनं सांगितलं. तिनं सांगितलं, पण माझ्याकडे बघत राहिली.

१३ जून

प्र. आला. अमरावतीच्या कापड बाजारात काम होतं म्हणे. गाडीतून कुंडी उतरवली. लिली, दांड्यावर कळ्या, एक तर आज-उद्याचीच. "तुमची कुंडी रिकामी झाली नं, दादा. म्हटलं इथं बी पायजे एक."

मंगल चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघं ओट्यावर. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, खारीचा त्रास अजून आहे का.

त्यानं कुंडीतलं वाळकं पान काढलं. म्हणाला, "खार दातानं कुरतडते, दादा. अर्धं खाते, अर्धं सांडते. तो दांडा कोणं तं नखानं खुडला होता. अन् पानाआड ठेवला होता, जपून." मग माझ्याकडे न बघता, "मी खारीले काई म्हटलं नाई. भुकेली असन."

चहा आला. त्यानं बशीत ओतून प्यायला, मंगलशी सुनंदाच्या गुडघ्यांबद्दल बोलला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला. दरवेळी करतो तसाच नमस्कार. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोही दरवेळसारखाच.

म्हणजे ५ मेला फोटो टाकला तेव्हाच त्याला माहीत होतं. माहीत असून सगळ्यांना खार सांगितलं. आणि माहीत असून दुसरा दांडा खुडला.

मी काय बोलायला हवं होतं? त्याची गाडी चौकातून वळेपर्यंत तोंडात वाक्य जुळवत होतो.

१४ जून

ठरवलं होतं, मामाजींना सांगायचं. तिथे लावलेली लिली माझी, पण ती लागली प्रकाशमुळे, आणि खार मी. सांगितलं की "मास्तर" परत सुरू होणार. "तुम्ही" पण. मोजूनमापून बोलणं. होऊ दे, असं सकाळपासून स्वतःला सांगत होतो.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, जणू जवळच बसले होते.

"बोल, मनोहर बेटा."

मी विचारलं, तिकडे ऊन कमी झालं का. म्हणाले, थोडं झालं. लिलीला नवं पान आलंय. मग म्हणाले, "आंघोळ लय लांबली होती तुयी परवा." आणि हसले. मीही हसलो. ठेवला.

उद्या पुन्हा लावतो.

प्रकाशच्या कुंडीतली कळी टोकाशी रंगली आहे, सकाळी उमलणार. ओट्यावर सावलीत ठेवली आहे. मंगल विचारते, ग्रुपवर फोटो टाकायचा का, आणि खाली काय लिहायचं. मी म्हणालो, आधी उमलू तर दे. कळी आमच्या कळीपेक्षा मोठी आहे. दोनदा जाऊन पाहिलं, मोठीच आहे.